सिझेरियननंतर पिकलेले टाके आणि घरी येऊन ड्रेसिंग करणारी सेवा : सोळा भेटींनंतरचे मत

माझ्या धाकट्या मुलीचे पहिले बाळंतपण गेल्या वर्षी जुलैमध्ये कोल्हापुरात, म्हणजे तिच्या माहेरी झाले. सिझेरियन करावे लागले, आठव्या दिवशी टाके पिकलेले निघाले आणि पुढचे जवळजवळ चार आठवडे त्या जखमेची देखभाल हेच आमच्या घरातले मुख्य काम होऊन बसले. या काळात आम्ही पैसे मोजून दोन सेवा घेतल्या. एक, खासगी प्रसूतिगृहाचे सिझेरियनचे पॅकेज. दुसरी, घरी सिस्टर पाठवून ड्रेसिंग करून देणाऱ्या एका संस्थेची सेवा. या दुसऱ्या सेवेबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. परंतु पहिलीत काय राहून गेले ते सांगितल्याशिवाय दुसरीची किंमत कळणार नाही. नावे दोन्हींची देत नाही. प्रसूतिगृहाचे देत नाही, कारण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर कुशल होत्या आणि माझी तक्रार त्यांच्या हाताबद्दल नसून घरी सोडल्यानंतरच्या व्यवस्थेबद्दल आहे. संस्थेचे देत नाही, कारण आम्हाला जे चांगले मिळाले ते एका विशिष्ट सिस्टरमुळे मिळाले. त्याच संस्थेतून दुसरी व्यक्ती आली तेव्हा अनुभव निराळा होता, हे मी पुढे लिहिलेच आहे.

मुलीला गरोदरपणात मधुमेह निघाला होता आणि तो आहारावरच आटोक्यात होता. शनिवारी पहाटे पाणी गेले, दिवसभर कळा दिल्या, अनेकदा आतून तपासणी झाली आणि रात्री उशिरा बाळाचे ठोके कमी होऊ लागल्यामुळे तातडीने सिझेरियन केले. हे सगळे तपशील देण्याचे कारण असे की, टाके पिकण्याचा धोका ज्या गोष्टींनी वाढतो त्यांतल्या बऱ्याच तिच्या बाबतीत एकत्र आल्या होत्या : मधुमेह, वाढलेले वजन, पाणी जाऊन बराच वेळ उलटणे, लांबलेल्या कळा, वारंवार केलेली आतली तपासणी आणि तातडीची शस्त्रक्रिया. यांपैकी एकही गोष्ट दवाखान्यापासून लपलेली नव्हती. सगळी तिच्या केसपेपरवर लिहिलेली होती. तरीही बुधवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, घरी सोडताना आम्हाला जो कागद मिळाला त्यावर गोळ्यांची नावे, बाळाच्या लसीची तारीख आणि ‘आठ दिवसांनी दाखवणे’ एवढेच होते. जखम कशी दिसली तर घाबरायचे, ताप किती आला तर फोन करायचा आणि तो फोन नेमका कोणाला करायचा, याबद्दल त्यावर एक ओळही नव्हती.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. पॅकेज चौथ्या-पाचव्या दिवशी संपते आणि टाके पिकायला लागतात ते साधारणपणे चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान किंवा त्याहूनही उशिरा. वैद्यकशास्त्रात शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत झालेला जखमेचा संसर्ग हा त्या शस्त्रक्रियेशी निगडित मानला जातो. म्हणजे हिशेब तीस दिवसांचा आणि सेवा चार दिवसांची. उरलेले सव्वीस दिवस बाळंतीण घरी असते आणि तिच्या जखमेकडे पाहणारे डोळे आई-सासूचे असतात. आम्हाला बाळंतपणे काढण्याचा अनुभव असतो, पण शस्त्रक्रियेची जखम ओळखण्याचे शिक्षण नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली आणि देशभरातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत सिझेरियनची जखम पिकण्याचे प्रमाण शंभरात तीनपासून पंधरापर्यंत आढळते. इतक्या घरांत जी गोष्ट घडू शकते तिच्यासाठी एक छापील कागद देता येऊ नये, हे मला अजूनही पटत नाही.

शुक्रवारी मुलगी म्हणाली की उजव्या कोपऱ्यात ठणकते आहे. मी पाहिले तर टाक्यांच्या शेवटी रुपयाएवढा भाग लाल, कडक आणि हाताला गरम लागत होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या की भात आणि ताक दिलेत, म्हणून टाके पिकायला लागले. दोन्ही बंद करा. मीही त्या दिवशी भात बंद केला. याबद्दल मला आजही वाईट वाटते, भात बंद केल्याबद्दल नव्हे, तर कारण सापडल्याच्या समाधानात एक दिवस घालवल्याबद्दल. आहारातल्या भाताने किंवा आंबटाने टाके पिकत नाहीत. ते जंतूंमुळे पिकतात आणि वाढलेली साखर, रक्ताची कमतरता, टाक्यांखाली साठलेले रक्त किंवा पाणी या गोष्टी जंतूंना साथ देतात. शनिवारी रात्री तिला १०१ ताप आला. दवाखान्यात फोन केला, तेव्हा स्वागतकक्षातील व्यक्तीने पॅरासिटामॉल देऊन सोमवारी ओपीडीत आणायला सांगितले. रविवारी पहाटे तिच्या परकराची कड आणि जखमेवरची पट्टी पिवळसर-गुलाबी पाण्याने भिजलेली होती. सोमवारची वाट न पाहता आम्ही तिला घेऊन गेलो. डॉक्टर अर्ध्या तासात आल्या, त्यांनी उजव्या कोपऱ्यातले टाके उघडले, पू काढला, त्याचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे जंतू कोणता ते ओळखण्याच्या तपासणीसाठी पाठवला आणि संसर्ग वरच्या थरापुरता आहे, आतले आवरण शाबूत आहे, असे तपासून सांगितले. जखम सुमारे तीन सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर खोल होती. ती पुन्हा लगेच शिवायची नसते, तळापासून भरून येऊ द्यायची असते आणि त्यासाठी रोज ड्रेसिंग लागते, हेही त्यांनी नीट समजावले. डॉक्टरांच्या या वागण्याला मी पूर्ण गुण देते.

सोमवार ते बुधवार आम्ही ड्रेसिंगसाठी दवाखान्यात गेलो. प्रत्येक वेळी दीड ते दोन तास बाकावर बसून राहावे लागले. बाळ घरी ठेवले तर दुधाची वेळ चुकत होती आणि सोबत नेले तर खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत बसावे लागत होते. ड्रेसिंगचे ३०० रुपये दर वेळी वेगळे घेतले गेले, कारण ‘ते पॅकेजमध्ये येत नाही’. पैशांपेक्षा मला खटकली ती पद्धत. मंगळवारी ड्रेसिंग करणाऱ्या सहायकाने हातमोजे घातले, त्याच हाताने दाराची मूठ धरली, ट्रॉली ओढली, जुनी पट्टी काढली आणि त्याच मोज्यांनी नवी पट्टी बसवली. मी बोलले, तेव्हा उत्तर मिळाले की मोजे घातलेले आहेत ना. हातमोजा हा त्या सहायकाच्या हाताचे रक्षण करतो. माझ्या मुलीच्या जखमेचे रक्षण तो स्वच्छ असेपर्यंतच करतो. बुधवारी कल्चरचा अहवाल आला, स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला, डॉक्टरांनी अहवाल पाहून प्रतिजैविक बदलले आणि ते अंगावर पाजणाऱ्या आईला चालते हे स्वतःहून सांगितले. त्याच दिवशी आम्ही घरी येणारी सेवा ठरवली आणि डॉक्टरांनी त्यासाठी ड्रेसिंगच्या सूचना लिहून दिल्या. अशी लेखी सूचना नसेल तर सिस्टर पाठवत नाही, असे संस्थेने फोनवरच सांगितले होते. तेव्हा ते कटकटीचे वाटले. नंतर कळले की त्या संस्थेचा सर्वांत चांगला नियम तोच आहे.

गुरुवारी सकाळी साडेआठला सिस्टर आल्या. साधारण पस्तिशीच्या, मोठ्या शस्त्रक्रिया विभागात दहा वर्षे काम केलेल्या. पहिल्या भेटीत त्यांनी जखमेला हात लावण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे नुसती माहिती घेतली : साखर किती आहे, ताप कधी आला, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येते का, पोट दाबल्यावर खोलवर दुखते का, पोटऱ्या दुखतात का. यांतले शेवटचे तीन प्रश्न मला जखमेशी असंबद्ध वाटले होते. त्यांनी समजावले की दुर्गंधी आणि ओटीपोटातले खोल दुखणे असेल तर संसर्ग गर्भाशयाच्या अस्तरात असू शकतो आणि मग घरी ड्रेसिंग करत बसणे चुकीचे ठरते. एका पायाची पोटरी दुखून सुजली तर रक्ताची गाठ झाल्याची शंका घ्यावी लागते. दवाखान्यातल्या चार दिवसांत हे कोणी आम्हाला सांगितले नव्हते.

त्यानंतरचे काम मी रोज जवळून पाहिले, म्हणून ते क्रमाने लिहिते. “काकू, तेवढा पंखा बंद करा आणि खिडकीही लोटून घ्या,” हे त्यांचे पहिले वाक्य असे. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुणे. टेबलावर स्वच्छ कागद पसरून त्यावर निर्जंतुक संच उघडणे. साध्या मोज्यांनी जुनी पट्टी काढून ते मोजे त्या पट्टीसकट पिशवीत टाकणे, पुन्हा हात साफ करणे आणि मग निर्जंतुक मोजे घालणे. जखम सलाईनने सावकाश धुणे. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पावडर त्यांनी एकदाही वापरली नाही. भरून येणाऱ्या नव्या पेशींना तीव्र औषधे इजा करतात आणि फसफस दिसली म्हणजे जखम स्वच्छ झाली असे नसते, असे त्यांचे म्हणणे होते. सलाईनमध्ये भिजवलेली गॉज त्या जखमेत सैलसर भरत. दवाखान्यात ती गच्च कोंबली जात होती आणि मुलीला दुसऱ्या दिवशी ती काढताना रडू यायचे. भेटीच्या दुसऱ्या दिवसापासून ते रडणे थांबले. दर तिसऱ्या दिवशी निर्जंतुक काडीने खोली मोजून वहीत लिहीत आणि मुलीची परवानगी घेऊन फोटो डॉक्टरांना पाठवत. वापरलेला कापूस, मोजे, पट्ट्या हे सारे पिवळ्या पिशवीत घालून त्या स्वतः परत नेत. आमच्या कचऱ्याच्या डब्यात त्यांनी एकदाही काही टाकले नाही.

जुलै-ऑगस्टमधले कोल्हापूर ज्यांना माहीत आहे त्यांना ओलाव्याची अडचण सांगावी लागणार नाही. चार-चार दिवस कपडे वाळत नव्हते आणि बाळंतिणीच्या पोटाची घडी जखमेवर येऊन तिथे घाम साचत होता. सिस्टरांनी कपडे इस्त्री करूनच द्यायला सांगितले, कंबरेची नाडी जखमेच्या वर येईल असे सैल सुती गाऊन घालायला सांगितले आणि झोपल्यावर पोटाची घडी हाताने वर धरून तो भाग अधूनमधून मोकळा ठेवायला शिकवले. पोटपट्टा मी हौसेने आणून ठेवला होता. जखम बंद होईपर्यंत तो बाजूला ठेवायला लावला. शेक-शेगडीबद्दल त्या कठोर होत्या. धुरीने ना जखम वाळते ना बाळाच्या छातीला ते सोसते, असे त्यांनी माझ्या जाऊबाईंना समोर बसवून सांगितले, आणि तरीही ‘तुमचे चुकते’ असा सूर त्यात नव्हता. डिंकाच्या लाडवांचा प्रश्न त्यांनी डॉक्टरांवर सोपवला. डॉक्टरांनी साखर तपासून लाडू कमी करायला आणि अंडी, डाळी, दूध, मोडाची कडधान्ये वाढवायला सांगितले. भात आणि ताक दोन्ही परत सुरू झाले. नात्यातल्या एका बाईंनी ‘आईला पू झालाय, तिचे दूध बाळाला देऊ नका’ असे सांगून घरात भीती पसरवली होती. पोटावरच्या जखमेचा दुधाशी संबंध नाही हे सांगून सिस्टरांनी उलट बाळाला काखेखाली धरून पाजण्याची पद्धत दाखवली, ज्यात बाळाचे पाय जखमेवर येत नाहीत. ड्रेसिंगच्या शुल्कात हे कुठेच मोडत नव्हते. मुलीचा धीर मात्र त्या दिवसापासून परत आला, हे मी आई म्हणून सांगते.

आता उणिवा. पहिल्या रविवारी आमच्या सिस्टरांची सुट्टी होती आणि संस्थेने दुसरी मुलगी पाठवली. ती नवी होती, घाईत होती, तिने हात धुतले नाहीत आणि एकाच मोज्यांत सगळे उरकायला सुरुवात केली. आम्ही तिला थांबवून पद्धत सांगितली, तेव्हा तिने निमूटपणे मोजे बदलले. परंतु रुग्णाच्या आईने परिचारिकेला शिकवावे लागणे ही त्या संस्थेची मोठी त्रुटी आहे. मी तक्रार केल्यावर पुढच्या रविवारी भेट न ठेवण्याचा मार्ग त्यांनी सुचवला. तोवर जखम दिवसाआड ड्रेसिंगवर आली होती म्हणून ते निभावले, पण रोज गरज असलेल्या रुग्णाला हे उत्तर देता येणार नाही. दुसरे, भेटीचे ५५० रुपये स्पष्ट सांगितले होते, पण साहित्याचे वेगळे बिल लागेल हे पहिल्या आठवड्याअखेर कळले. एकूण सोळा भेटींचे ८,८०० आणि साहित्याचे ३,१०० रुपये झाले. निम्म्याहून अधिक साहित्य कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात स्वस्त मिळत होते. विचारल्यावर संस्थेने आम्हाला ते स्वतः आणायची मुभा दिली, पण विचारल्यावरच. तिसरे, नोंदींची वही सिस्टर स्वतःच्या शिस्तीने ठेवत होत्या. संस्थेचा असा नमुना नाही. त्या रजेवर गेल्या असत्या तर नोंदीही थांबल्या असत्या.

बाळाचा जन्म ज्या रात्री झाला तिथून चौतिसाव्या दिवशी जखम बंद झाली. प्रतिजैविकाचा कोर्स त्यापूर्वीच, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी संपला होता. जखम उघडी आहे म्हणून तो लांबवायचा नाही, हेही डॉक्टरांनी बजावले होते.

जी कुटुंबे प्रसूतिगृहात नाव घालण्याच्या विचारात आहेत त्यांनी खोलीला एसी आहे का हे विचारण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात, असे मला या अनुभवावरून वाटते. छेद देण्यापूर्वी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात का, हा पहिला प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस छेदापूर्वीच देण्याची आहे. कळा सुरू झाल्यानंतर किंवा पाणी गेल्यानंतर सिझेरियन करावे लागले तर नेहमीच्या इंजेक्शनसोबत अझिथ्रोमायसिन हे आणखी एक प्रतिजैविक देण्याचा विचार करतात का, हेही विचारावे. अमेरिकेत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा स्त्रियांमध्ये जखम पिकण्याचे प्रमाण ६.६ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आलेले दिसले होते. शस्त्रक्रियेपूर्वी वस्तऱ्याने केस काढतात का, हे विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तरा वापरू नये, गरज असेल तरच क्लिपरने, म्हणजे केस कापण्याच्या यंत्राने, केस कापावेत असे स्पष्ट सांगितले आहे, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून जंतूंना वाट मिळते. आणि घरी गेल्यावर रात्री ताप आला तर फोन कोण उचलणार, टाके उघडावे लागले तर ड्रेसिंगचा खर्च कोणाचा, हे नाव घालण्याच्या वेळीच लिहून घ्यावे. घरात रोज दिवसाच्या उजेडात एकदा जखम पाहावी. लाली पसरत असेल, दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, पाणी किंवा पू येत असेल, कडा उघडल्या असतील किंवा ताप १००.४ च्या वर गेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आम्ही शुक्रवारी गेलो असतो तर कदाचित जखम इतकी उघडावी लागली नसती.

ज्यांना असा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठीही एक दार आहे आणि ते पुरेसे वापरले जात नाही, म्हणून सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंतचा आहार विनामूल्य आहे. शिवाय आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. सिझेरियन झाले असेल तर त्यांच्या भेटी सातव्या दिवसापासून धरलेल्या आहेत, म्हणजे टाके पिकण्याच्या नेमक्या काळात. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून उभी राहिली. आशाताई बाळाचे वजन करायला येतात म्हणून बाळच तेवढे पुढे केले जाते. त्याच वेळी बाळंतिणीची जखमही त्यांना दाखवावी.

घरी येणाऱ्या सेवेला मी पाचपैकी चार गुण देते. कापलेला एक गुण त्या रविवारचा आणि न सांगितलेल्या बिलाचा आहे. प्रसूतिगृहाच्या पॅकेजला शस्त्रक्रियेसाठी चार आणि घरी सोडल्यानंतरच्या व्यवस्थेसाठी एक. सेवा घेणाऱ्यांनी फोनवर ठरवतानाच डॉक्टरांची लेखी सूचना तयार ठेवावी, साहित्याची यादी मागून ते स्वतः आणावे, रविवारी कोण येणार ते विचारावे आणि पहिल्या भेटीला आलेल्या सिस्टरांची पद्धत पटली तर त्याच येतील असे संस्थेकडून कबूल करून घ्यावे. आम्ही ते दुसऱ्या आठवड्यात करून घेतले आणि शेवटच्या भेटीपर्यंत त्याच सिस्टर आल्या.